सात शब्द, इरी काउंटी

मृत्युपत्र गॅसच्या बिलामागे होतं.
निळी शाई, तारीख, सही,
आणि सहीच्या वर एकच ओळ:

घर लोरेनने सांभाळावे मागाहून पोरांनी भांडू नये

कुठेच पूर्णविराम नाही.

पेनसिल्व्हेनियात हेही चालतं.
सही त्याचीच, एवढं दोघांनी शपथेवर सांगितलं की झालं.
आणि असले तंटे इथे ज्या कोर्टात येतात
त्याचं नाव आहे अनाथांचं न्यायालय.
आजचे अनाथ : साठीला टेकलेला श्रीरंग
आणि डेटनहून रात्रभर गाडी हाकत आलेली चारुशीला.
दोघांच्या मध्ये एक खुर्ची,
तिच्यावर दोघांचे कोट.

मी दुभाषी. पिट्सबर्गहून पहाटे निघाले.
मला शब्दांवर पैसे मिळतात.
सात शब्दांत पेट्रोलसुद्धा सुटत नाही.

दिगंबर खांबेटे. रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात चौतीस वर्षं.
पहिली बायको गेल्यावर नऊ वर्षांनी
बेकरीत केकवर नावं लिहिणाऱ्या लोरेनशी लग्न.
सरोवराच्या बाजूला उतरत्या छपराचं घर,
त्याची किंमत दोन्ही पक्षांना मान्य.
बाकी काहीच नाही.

एक वकील म्हणाला, सांभाळावे म्हणजे आपलं म्हणून ठेवावं.
दुसरा म्हणाला, छे, दुसऱ्याचं म्हणून राखावं,
ती मालकीण नव्हे, विश्वस्त.
आणि मागाहून? कुणाच्या मागाहून?
त्याच्या की तिच्या?
तो शब्द अलीकडच्या वाक्यातला की पलीकडच्या?
सगळे माझ्याकडे बघायला लागले,
जणू पूर्णविराम माझ्या पर्समध्ये आहे.

आठवीत चिंचवडेबाई फळ्यावर लिहायच्या:
वाख्यात. विध्यर्थ.
खाली चार काड्या : इच्छा, आज्ञा, कर्तव्य, शक्यता.
बाई, यातलं नेमकं कोणतं ते कसं ओळखायचं?
संदर्भ बघ गं, म्हणायच्या, आणि डस्टर आपटायच्या.

संदर्भ गेल्या एप्रिलात, बर्फ वितळल्यावर,
दोघा भावंडांनी सरोवरात सोडला.

मग लोरेनच्या वकिलाने शेवटचे दोन शब्द उचलले.
भांडू नये, ही अट आहे.
भांडेल त्याचा हिस्सा गेला.
चारुशीला एकदम हसली.
म्हणाली, बाबा हे दर रविवारी म्हणायचे,
आम्ही पत्ते पिसायला घेतले की.
हसणं नोंदीत घेऊ नये, असं ठरलं.

मधल्या सुट्टीत कॉफीच्या यंत्रापाशी
लोरेन माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.
पक्षकाराशी बोलायचं नाही, असा मला नियम आहे.
तिला नव्हता.
पायऱ्यांवर बर्फ असला, ती म्हणाली,
की तो दारातून ओरडायचा : सांभाळून!
मी म्हणायचे, येस डियर.
हा तोच शब्द का?

मी कपाकडे बघत राहिले.
तिचा ळ अगदी स्वच्छ होता.
माझ्या मुलांना तो अजून येत नाही.

परत आत गेल्यावर मी शपथेवर तीन अर्थ दिले.
न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला.
यातला एक निवडता येईल?
नाही, मी म्हणाले.
भाषेत तीन आहेत की त्याच्या मनात?
भाषेत. मनाबद्दल मला बोलता येत नाही.

पुढची तारीख मार्चातली पडली.
उठता उठता कारकुनाने कागद उलटा केला.
पुढच्या बाजूला एकशे बारा डॉलर थकलेले,
आणि बाहेर उणे नऊ.
नळ फुटतील, म्हणून लगेच आदेश झाला.
कुणी सांगितलं नव्हतं, तरी सवयीने
मी मनातल्या मनात मराठी केलं:

निकाल लागेपर्यंत घरातला गॅस चालू ठेवावा.

वकिलांनी माना डोलावल्या.
इच्छा की आज्ञा, कुणीच विचारलं नाही.